काळ्या रानांतलें कोंडलेलें पाणी

मराठवाडा म्हटला कीं शहरांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर आणि टँकरपुढची घागरींची रांग उभी राहते. १९७२ चा दुष्काळ आणि २०१५-१६ चा दुष्काळ यांच्या आठवणी ध्यानांत घेतां तें स्वाभाविकच आहे. परंतु मराठवाड्याच्या ईशान्य अंगास असलेल्या हिंगोली जिल्ह्यांत पीक जसें पाण्यावांचून जातें तसेंच तें पाण्यानेंहि जातें, ही गोष्ट शहरांत फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांवर पावसानें झड घातली आणि कयाधूच्या कांठचीं रानें पाण्याखालीं गेलीं. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्याच्या बहुतेक भागानें तसाच प्रसंग पुन्हा पाहिला. पुराचीं छायाचित्रें छापून येतात, पंचनामे होतात आणि पाणी ओसरलें कीं विषय संपतो. शेताचें दुखणें मात्र पुष्कळदां तेथूनच सुरू होतें. नदीपासून मैल-दोन मैल दूर, जेथें पुराचा थेंबहि पोंचला नाहीं अशा सपाट रानांतलें सोयाबीन आठ दिवसांत पिवळें पडतें. त्याचें कारण आभाळांत थोडें आणि मातींत फार असतें.

हिंगोली जिल्हा वयानें लहान. १ मे १९९९ रोजीं तो परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पांच तालुके. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि हिंगोलीस एके काळीं हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते, मधून कयाधू जाऊन तिलाच मिळते, आणि दक्षिणेस पूर्णा गोदावरीकडे जाते. या नद्यांच्या मध्यें ठेंगण्या डोंगरांच्या ओळी आहेत. हे डोंगर, त्यांच्या खालचा खडक आणि त्या खडकाची झिजून झालेली माती हें सर्व एकाच कुळांतलें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर जे लाव्ह्याचे थर पसरले त्यांचाच तो वारसा होय.

या उत्पत्तीमुळें जमिनीचा एक क्रम ठरून गेला आहे. डोंगराच्या माथ्यावर बरड, मुरमाड जमीन. तिच्यांत पाणी थांबत नाहीं आणि पीकहि फारसें थांबत नाहीं. उतारावर हात-दीड हात खोलीची मध्यम माती. आणि तळाशीं, ओढ्याच्या व नदीच्या दोन्ही अंगांस, खोल, भारी, काळीभोर जमीन. कित्येक ठिकाणीं ती पुरुषभर खणली तरी संपत नाहीं. हजारों वर्षें पाऊस माथ्यावरचे बारीक कण धुऊन खालीं आणीत आला, त्यामुळें सर्वांत चिकण माती सर्वांत खोलगट जागीं सांठली. ज्या मातींतून पाणी अतिशय सावकाश जातें तीच माती जेथें पाणी सर्वांत जास्त येतें तेथें जाऊन बसली, ही सृष्टीची एक विचित्र मांडणीच म्हणावयाची. गांवांत सर्वांत मोलाची समजली जाणारी जमीन हीच, आणि सर्वांत खोडीची जमीनहि हीच.

काळ्या मातीचा स्वभाव समजण्यासाठीं तिच्या कणांकडे पाहिलें पाहिजे. वाळूचा कण डोळ्याला दिसतो, बोटाला लागतो. चिकण मातीचा कण एका मिलिमीटरच्या पांचशेव्या भागाहूनहि लहान असतो. भारी काळ्या जमिनींत अशा कणांचें प्रमाण पुष्कळदां निम्म्यावर जातें. शिवाय हे कण साध्या ढेकळांसारखे नसून मॉण्टमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचे, पापुद्र्यावर पापुद्रा रचल्यासारखे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरतें, ते एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. वैशाखांत तेंच पाणी उडून गेलें कीं माती आक्रसते आणि हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. वरची सुकी माती या भेगांतून खालीं ओघळते, पावसाळ्यांत खालचा थर फुगून वर दाब देतो, आणि अशा रीतीनें जमीन आपली आपणच नांगरली जाते असें म्हणण्याचा प्रघात आहे. तिचा काळा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्यानें भरलेली असावी असा ग्रह होतो. तो बहुतेक ठिकाणीं खोटा ठरतो. सेंद्रिय कर्बाचें प्रमाण अनेक शेतांत शेंकडा एकहि भरत नाहीं. खालच्या थरांत चुनखडीचे पांढरे खडे मात्र हटकून सांपडतात.

मृगाचा पहिला पाऊस या भेगा घटाघटा पिऊन टाकतात. पाहणाऱ्याला वाटावें कीं या जमिनीची तहान भागणारच नाहीं. पण माती फुगूं लागली कीं भेगा मिटतात, आणि त्या एकदां मिटल्या म्हणजे पाणी मुरण्याचा वेग घसरत घसरत तासाला एखाद्या मिलिमीटरवर, किंवा त्याहूनहि खालीं येतो. सरकारी हिशेबांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षां जास्त पाऊस पडला म्हणजे अतिवृष्टि. तेवढा पाऊस एक एकरावर पडला तर सुमारें २ लाख ६३ हजार लिटर पाणी होतें. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरांत ओतल्यासारखें. शेत सपाट असेल आणि पाणी केवळ मुरूनच जावयाचें असेल, तर तासाला एक मिलिमीटर या हिशेबानें त्याला पावणेतीन दिवस लागतील. तेवढ्यांत दुसरी सर आली तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आतां प्रश्न असा कीं, पाणी तर पिकाला हवेंच असतें. तें दोन दिवस जास्त राहिलें तर बिघडलें कोठें? ज्यांच्या सज्जांत तुळस किंवा गुलाब आहे त्यांनीं याचें उत्तर पाहिलेलें असेल. कुंडीच्या बुडाचें भोंक बुजलें आणि पाणी सांचून राहिलें, कीं झाड सुकल्यासारखें मान टाकतें, आणि अजाण माणूस त्याला आणखी पाणी घालतो. मूळ हेंहि श्वास घेतें. मातीच्या कणांमधल्या पोकळींत हवा असते, त्या हवेंतून तें प्राणवायु घेतें. पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं हवेची वाट बंद होते; पाण्यांतून प्राणवायु पसरण्याचा वेग हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं मंद असतो. जो प्राणवायु पाण्यांत विरघळलेला असतो तो मुळें आणि मातींतले सूक्ष्म जंतु मिळून दिवस-दोन दिवसांत संपवितात. मग मूळ गुदमरतें, अन्न आणि पाणी ओढण्याची त्याची शक्ति जाते, आणि पाण्यांत उभें असलेलें पीक तहानेलें दिसूं लागतें.

पुढचा प्रकार अधिक नुकसानीचा आहे. प्राणवायु संपल्यावर मातींतले कांहीं जंतु स्वस्थ बसत नाहींत. ते प्राणवायूऐवजीं नायट्रेट वापरूं लागतात आणि त्यांतलें नत्र वायुरूपानें हवेंत सोडून देतात. शेतकऱ्यानें पैसे मोजून टाकलेला युरिया अशा रीतीनें अक्षरशः हवेंत जातो. त्यानंतर मँगेनीज, त्यानंतर लोह, आणि फारच दिवस पाणी राहिलें तर गंधकाचीं संयुगें, असा हा क्रम चालतो. त्या शेवटच्या पायरीवर मातीला कुजक्या अंड्यासारखी घाण येऊं लागते. सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांच्या मुळांवर ज्या गांठी असतात त्यांतले जंतु हवेंतलें नत्र पिकाला मिळवून देतात. पण त्या कामालाहि प्राणवायु लागतोच, त्यामुळें तो कारखानाहि बंद पडतो. हिंगोलीच्या चुनखडीयुक्त जमिनींत आणखी एक भर पडते. कोंडलेल्या मातींत बायकार्बोनेट वाढतें, आणि लोह असूनहि पिकाला तें उचलतां येत नाहीं. कोंवळीं पानें पिवळीं, शिरा तेवढ्या हिरव्या, असें रूप दिसलें कीं ओळखावें कीं हें लोहाचें दुखणें आहे. येथेंच पुष्कळांची फसगत होते. पिवळें पान पाहून कोणी युरियाची आणखी एक गोणी टाकतो, कोणी दुकानदार देईल त्या औषधाची फवारणी करतो. आणि ज्याला मोकळ्या हवेची गरज आहे त्याला अन्न भरवण्याचा हा उद्योग सहसा पैशांचा चुराडा करूनच थांबतो.

मराठींत यासाठीं एक फार नेमका शब्द आहे: वापसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीहि आहे आणि हवाहि आहे, अशी जी समतोल स्थिति, तिला वापसा म्हणतात. मूठभर माती हातांत घेऊन तिचा गोळा करावा आणि छातीएवढ्या उंचीवरून खालीं सोडावा. तो फुटून भुगा झाला तर वापसा आहे, चपटा होऊन पडला तर नाहीं. माती पायाला नि औताच्या फाळाला चिकटत असेल तर ती अजून कामाला यावयाची आहे. हलक्या जमिनींत पावसानंतर दुसऱ्या दिवशीं वापसा येतो; भारी काळ्या जमिनींत तो चार-सहा दिवस येत नाहीं, आणि आला तरी एखादा दिवस टिकून पुढें माती दगडासारखी होते. ज्या रानाला आठवड्यानुआठवडे वापसाच येत नाहीं तें रान चिबडलें असें म्हणतात.

नुकसानभरपाईच्या नियमांचा आणि मातीच्या नियमांचा मेळ बसत नाहीं तो येथें. ६५ मिलिमीटरची मोजणी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. पण आठ दिवस रोज पंधरा-वीस मिलिमीटर पडणारा रिमझिम पाऊस भारी जमिनींतल्या पिकाचा जीव अधिक निश्चितपणें घेतो, कारण तो वापसा येऊंच देत नाहीं. राज्य शासनानें २०२३ मध्यें सततच्या पावसालाहि आपत्ति मानण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीनें योग्यच होता. उशीर झाला एवढेंच.

पूर्वींच्या शेतकऱ्यांना हें सारें रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्याचा परिणाम पक्का ठाऊक होता. म्हणून नदीकांठच्या खोल काळ्या रानांत ते पावसाळ्यांत पीकच घेत नसत. तीं रानें पावसाळाभर रिकामीं ठेवावयाचीं, उघाड मिळेल तशी वखराची पाळी घालून तण मारावयाचें, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत वापसा येतांच तिफणीनें रब्बी ज्वारी, हरभरा, गहूं, करडई, जवस पेरावयाचें, हा सांप्रदाय होता. मातींत मुरलेल्या ओलीवर पीक येई. कापूस, मूग, उडीद आणि खरीप ज्वारी ही मध्यम जमिनीवर. पावसाळ्यांत रिकामें पडलेलें रान पाहून बाहेरच्या माणसाला तो आळस वाटावा. वास्तविक ती निचऱ्याच्या प्रश्नाला दिलेली बगल होती, आणि तिची किंमत दर वर्षीं एक पीक सोडून शेतकरी चुकवीत होता.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन आलें आणि ही घडी मोडली. शंभर-सवाशें दिवसांत तयार होणारें, बाजारांत रोख पैसा देणारें हें पीक घेऊन शिवाय मागाहून हरभरा पेरतां येतो, हा मोह कोणाला न व्हावा! बरड सोडून बाकीच्या बहुतेक रानांत सोयाबीन शिरलें. जीं रानें पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यांत मोकळीं राहत होतीं त्यांतहि तें गेलें. पावसाचा स्वभाव तोच, मातीचा स्वभाव तोच. फक्त आतां त्या कोंडलेल्या पाण्यांत पीक उभें राहूं लागलें. त्यांतच बैलांची जागा ट्रॅक्टरनें घेतली. ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टरचें वजन पडलें कीं ती कणकेसारखी दाबली जाते, आणि दर वर्षीं एकाच खोलीवर नांगर व रोटाव्हेटर फिरल्यानें वीतभर खालीं एक घट्ट तवा तयार होतो. वरून माती भुसभुशीत दिसते. पाणी मात्र त्या तव्यावर अडून राहतें. पूर्वीं भेगांमुळें आणि वखरपाळीमुळें जी थोडीफार वाट होती तीहि अशा रीतीनें बुजत चालली आहे.

एवढ्यावर भागत नाहीं. पाणी वरून कोंडतें तसें खालूनहि येतें. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर हीं धरणें १९६० च्या दशकांत उभीं राहिलीं. येलदरी शेजारच्या परभणी जिल्ह्यांत आहे, सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यांत. त्यांच्या कालव्यांनीं वसमतकडील रानांना पाणी दिलें, ऊंस उभा केला. पैनगंगेवरचें इसापूर धरण १९८२ मध्यें पुरें झालें. या पाण्यानें जिल्ह्याच्या कांहीं भागाचें रूप बदलून गेलें यांत संशय नाहीं. परंतु कालवा हा जसा शेताला पाणी देतो तसा तो पाझरतोहि, आणि उंसाला मोजमाप सोडून दिलेलें पाणी खालीं जाऊन भूजलाची पातळी वर आणतें. केंद्र सरकारच्या जलसंपदा खात्याच्या एका समितीनें १९९१ मध्यें असा दंडक घातला कीं, भूजल जमिनीपासून दोन मीटरच्या आंत आलें तर ती जमीन पाणथळ समजावी, आणि दोन ते तीन मीटरच्या दरम्यान असेल तर ती त्या वाटेवर आहे असें मानावें. पाणी एवढें वर आलें कीं चिकण मातीच्या केसाएवढ्या पोकळ्यांतून तें दिव्याच्या वातींतल्या तेलासारखें आणखी वर चढतें, पृष्ठभागाशीं येऊन उन्हानें उडून जातें, आणि त्यांतलें मीठ तेवढें मागें राहतें.

या अनर्थाचा महाराष्ट्राला फार जुना अनुभव आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीकडे पाणी नेलें आणि थोड्याच वर्षांत चांगलीं काळीं रानें पांढरीं पडूं लागलीं. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतले डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतल्या या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्यें सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. १९१६ मध्यें पाटबंधाऱ्यांच्या याच अडचणी सोडविण्यासाठीं इलाख्याच्या सरकारनें एक खास शाखा काढली. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखालीं वाढलेली ही शाखाच आज पुण्याजवळ खडकवासल्यास असलेलें केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र होय. जगभर बंदरांचे व धरणांचे नमुने करून पाहणाऱ्या त्या संस्थेचा उगम चिबडलेल्या उंसाच्या फडांत आहे, हें शहरांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकांठीं तोच धडा पुढच्या पिढीनें पुन्हा गिरविला. पूर्णेच्या कालव्यांखालीं तो तिसऱ्यांदां गिरवावा लागूं नये.

खारवट आणि चोपण या दोन शब्दांत लोक गल्लत करतात, तेव्हां तो भेद येथेंच सांगणें बरें. खारवट जमिनींत विरघळणारें मीठ जास्त असतें. उन्हाळ्यांत तिच्यावर पांढरा फुटवा येतो, पण तिची घडण बिघडलेली नसते. वाट मिळाली तर चांगल्या पाण्यानें मीठ धुऊन जातें. चोपण जमिनीचें दुखणें खोल आहे. तेथें मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतो. सोडियमचा वाटा शेंकडा पंधराच्या वर गेला कीं कण एकमेकांपासून सुटतात, पोकळ्या बुजवितात, पाऊस पडला कीं राड आणि सुकलें कीं कवच. अशा जमिनीला जिप्सम द्यावा लागतो. त्यांतला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो. चुनखडी भरपूर असेल तर गंधक किंवा साखर कारखान्याची मळीहि उपयोगी पडते, कारण त्यांपासून तयार होणारी आम्लें मातींतल्याच चुन्याला कामाला लावतात. ताग किंवा ढेंचा फुलोऱ्यापूर्वीं गाडला तर घडण सुधारते. पण हुसकावलेला सोडियम बाहेर जावयास वाट नसेल, तर जिप्समच्या गाड्यांवर गाड्या ओतूनहि कांहीं साधत नाहीं. माती तपासल्यावांचून आणि चर खणल्यावांचून जिप्सम टाकणें हा श्रीमंती शौक आहे.

आपलें रान वरून चिबडतें कीं खालून, हें ठरविल्यावांचून उपाय करूं नये. त्यासाठीं फार साधनें लागत नाहींत. उन्हाळ्यांत शेताच्या सखल कोपऱ्यांत छातीभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजू पाहाव्या. मुळें वीतभर खालीं जाऊन एकदम आडवीं वळलेलीं दिसलीं तर तेथें घट्ट तवा आहे. मातींत गंजासारखे तांबूस ठिपके, निळसर-करड्या छटा असतील तर तेथें दर वर्षीं पाणी कोंडतें. मात्र काळ्या मातीचा मूळ रंगच इतका गडद असतो कीं पुष्कळदां हीं चिन्हें त्यांत झांकून जातात. म्हणून तीं दिसलीं नाहींत एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. तोच खड्डा पावसाळ्यांत झांकून ठेवावा आणि त्यांत पाणी कोणत्या खोलीवर उभें राहतें तें पाहावें. जवळच्या विहिरीची पातळी, लव्हाळ्याची दाटी, पेरणीनंतर दर वर्षीं त्याच त्या ठिकाणीं पडणारी नांगी, हेहि साक्षीदारच होत.

पाणी वरून कोंडत असेल तर उपाय स्वस्त आहे. हैदराबादजवळ पटानचेरू येथें १९७२ मध्यें स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनें नेमका हाच प्रश्न हातीं घेतला होता: पावसाळ्यांत रिकाम्या राहणाऱ्या भारी काळ्या जमिनींत पीक कसें घ्यावें? त्यांतून रुंद वरंबा आणि सरी ही पद्धति पुढें आली. दीड मीटरच्या पट्ट्यांत सुमारें एक मीटर रुंदीचा सपाट वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी; वरंब्यावर पिकाच्या ओळी, सरीला शंभर मीटरला अर्धा-पाऊण मीटर एवढाच अलगद उतार. जादा पाणी सरींतून हळूहळू निघून जातें, माती वाहत नाहीं, आणि वरंब्याची माती सरीपेक्षां वर असल्यामुळें तिच्यांत हवा खेळती राहते. महाराष्ट्रांत हल्लीं ट्रॅक्टरला जोडावयाच्या यंत्रानें हें काम एकाच फेऱ्यांत होतें. २०१८ मध्यें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत हिंगोली जिल्ह्याचा समावेश झाला आणि त्यांतून या पद्धतीचा प्रसारहि झाला. ज्याच्याजवळ यंत्र नाहीं त्यानें पेरतांना ठराविक ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवावी, आणि पीक वीतभर झालें म्हणजे डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळींत सरी पाडावी. या युक्तीला खर्च जवळजवळ नाहींच.

या पद्धतीचा एक गुण शहरांतल्या वाचकांना विरोधाभास वाटेल. हिंगोलीचा पाऊस वर्षाला साधारण पस्तीस इंचांच्या आसपास असला आणि त्याचा बहुतेक वांटा जून ते सप्टेंबरांत पडत असला, तरी ऑगस्टांत दोन-तीन आठवड्यांचा खंड पडणें नेहमींचेंच. त्या वेळीं त्याच सरीचीं तोंडें मातीनें बांधलीं कीं ती ओल धरून ठेवते. निचरा म्हणजे पाणी फेंकून देणें नव्हे. पाणी आपल्या ताब्यांत ठेवणें होय. सखल कोपऱ्यांत शेततळें असेल तर आज नकोसें झालेलें पाणी दीड महिन्यानें हरभऱ्याला देतां येतें.

वसमतच्या हळदीनें हें फार पूर्वींच शिकविलें आहे. हळदीचा गड्डा मातींतच वाढतो, नऊ महिने मातींतच राहतो, आणि पाणी सांचलें कीं तो कुजतो. कंदकुजीनें एकदां शिरकाव केला म्हणजे वर्षाचें उत्पन्न आणि पुढच्या वर्षाचें बेणें दोन्ही जातात. म्हणून भारी जमिनींत हळद करणारे उंच गादीवाफ्यावरच लावण करतात आणि ठिबकनें मोजून पाणी देतात. २०२४ मध्यें वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. त्या लौकिकांत मातीचा वाटा आहेच, पण वीतभर उंच केलेल्या वाफ्याचाहि आहे.

घट्ट तवा मोडावयाचा तर तो वैशाखांत, माती कोरडी खडखडीत असतांना, खोल फाळानें फोडावा. ओल्या मातींत तोच फाळ नवा तवा करतो. चिकण मातीसाठीं आणखी एक सोय आहे ती मोल नांगराची. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा दीड-दोन फूट खोलीवरून ओढीत नेला कीं मागें उंदराच्या बिळासारखी नळी तयार होते आणि पाणी तींतून वाहूं लागतें. खालची माती त्या वेळीं लोण्यासारखी दाबली जाण्याइतकी ओलसर हवी आणि तींत खडे नसावेत. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या मातींत हीं बिळें कांहीं वर्षांनीं बुजतात आणि काम पुन्हा करावें लागतें. परंतु नळ पुरण्याच्या मानानें खर्च फारच थोडा.

पाणी खालून येत असेल तर मात्र सरी-वरंब्यानें भागत नाहीं. तेथें खोल उघडे चर किंवा मीटर-सव्वा मीटर खोलीवर पुरलेले सच्छिद्र नळच लागतात. काळी माती पाणी सहजीं सोडीत नाहीं, तिच्याखालचा मुरूम सोडतो; म्हणून जेथें शक्य असेल तेथें चर मुरुमाला लागेपर्यंत न्यावा. उघडा चर जमीन खातो, त्याचे कांठ ढासळतात, दर वर्षीं गाळ उपसावा लागतो. पुरलेला नळ जमीन खात नाहीं पण पैसा खातो, आणि तो एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतला नाहीं. कृष्णाकांठीं ज्या ठिकाणीं हीं कामें झालीं तेथें ती शिवारच्या शिवार एकत्र येऊन, सहकारी साखर कारखान्यांच्या आणि शासनाच्या मदतीनें झालीं.

कारण कोणताहि चर शेवटीं कोणाच्या तरी बांधाशीं येऊन थांबतो. वरच्या शेतकऱ्याचें पाणी खालच्याच्या रानांतून जावें लागतें, आणि खालचा बांध घालून तें अडवितो. वाटण्या होऊन शेतांच्या चिंधड्या झाल्या, बांध सरकत सरकत जुने ओहोळ नांगराखालीं गेले, आणि नकाशांत निळ्या रेघेनें दाखविलेल्या नाल्याच्या जागीं आज सोयाबीन उभें आहे, अशीं उदाहरणें गांवोगांव आढळतात. पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविला आणि त्यामुळें शेजारच्या शेताचें नुकसान होत असेल, तर ती आडकाठी दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानें तहसीलदारास दिला आहे. अर्ज मात्र आडकाठी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो. पुष्कळ जण ती मुदत शेजाऱ्याच्या भिडेखातर जाऊं देतात, आणि मग जुलैच्या झडींत दोघांचींहि शेतें एकाच पाण्याखालीं उभीं असतात.